तक्रार असेल त्याने टाळ वाजवत राहायचं

१३ जून २०२० रोजी आळंदीत माऊलींच्या पादुकांचं प्रस्थान झालं, पण पालखी पुण्याच्या वाटेला लागली नाही. आदल्या दिवशी देहूतही तसंच झालं होतं. करोनामुळे पायी वारी थांबली होती. पादुका तिथंच मुक्कामी राहणार आणि दशमीला, ३० जूनला, एसटीने पंढरपूरला जाणार असं ठरलं होतं. माझी आई तेव्हा ७१ वर्षांची. गळ्यात माळ, १९ वाऱ्या पायी झालेल्या. आमचं घर हडपसरला, पालखी दिवेघाटाकडे निघते त्या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर. त्या वर्षी रस्ता मोकळा होता आणि आई गॅलरीत उभी राहून त्याच दिशेला बघत होती.

तिच्या दिंडीतल्या महाराजांनी मग एक तोड काढली. प्रस्थानापासून दशमीपर्यंत, म्हणजे १८ दिवस, रोज संध्याकाळी ७ ते ९ ते आपल्या गावच्या देवळातून फेसबुकवर थेट कीर्तन करणार. मागे चारच टाळकरी, एक मृदंगवाला, तेही अंतर ठेवून. आईला पुन्हा उभारी आली. भावाने मोबाइल टीव्हीला जोडून दिला.

घरात दोन लहान मुलं होती. पुतण्याला नुकतीच ६ वर्षं पूर्ण झालेली, पुतणी साडेतीन वर्षांची. मी बालवाडीत शिकवते, त्याला आता २२ वर्षं झाली. मार्चमध्ये आईला भेटायला आले आणि टाळेबंदीत भावाकडेच राहिले. बालवाडी बंद होती, पण नोंदवही लिहायची सवय सुटली नव्हती. त्या १८ दिवसांच्या नोंदींवरून हे लिहिते आहे. घरात कीर्तन-प्रवचन लागलं की लहानांचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतर मला कितीतरी आयांनी आणि आज्यांनी विचारला आहे.

पहिले चार दिवस

पहिल्या दिवशी आम्ही सगळे सोफ्यावर ओळीने बसलो. मुलांचे हातपाय धुतलेले, कपाळाला गंध लावलेलं. महाराजांनी ‘रामकृष्णहरी’चा गजर सुरू केला तेव्हा दोघंही खूष होती, टाळ्या वाजवत होती. गजर थांबला, रूपाचा अभंग झाला, कीर्तनाचा अभंग लागला आणि निरूपण सुरू झालं. नवव्या मिनिटाला धाकटी सोफ्यावरून उतरली. बाराव्या मिनिटाला ती टीव्हीसमोर उभी राहून पडद्यावर हात फिरवत होती. आई म्हणाली, “छकुले, बाजूला हो गं, दिसत नाही.” पुढच्या अर्ध्या तासात आम्ही चार मोठ्यांनी मिळून २३ वेळा ‘गप्प बस’, ‘शूऽऽ’ किंवा ‘इकडे ये’ म्हटलं. मी मोजलं, कारण बालवाडीत नव्या बाईंना मी हेच मोजायला सांगते. शेवटी वहिनी तिला उचलून आत घेऊन गेली. थोरला बसून राहिला, पण उशीच्या अभ्र्याचा दोरा उसवत.

दुसऱ्या दिवशी वहिनीने आतल्या खोलीत दुसऱ्या मोबाइलवर दोघांना कार्टून लावून दिलं. बाहेर शांतता झाली. आई कीर्तन ऐकत होती, पण मधूनमधून आतल्या दाराकडे बघत होती. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, “मुलं आत आणि विठ्ठल बाहेर, असं नको गं.” वहिनीला ते लागलं. दिवसभर स्वयंपाक, धुणंभांडी, नवऱ्याचं घरून काम, थोरल्याच्या शाळेचे मोबाइलवर येणारे व्हिडिओ, हे सगळं तिच्यावर होतं. संध्याकाळचे दोन तास मुलं शांत राहावीत असं तिला वाटलं, यात तिचं काय चुकलं? हा प्रश्न नुसता मुलांचा नव्हता, हे मला त्या रात्री दिसलं. सासूला भक्ती हवी होती, सुनेला विसावा हवा होता, आणि दोघींची ओढाताण त्या दोन लेकरांवर येत होती.

तिसऱ्या दिवशी मी माझं बालवाडीचं शहाणपण बाहेर काढलं. विठ्ठलाचं चित्र काढून रंगवायला दिलं. चौथ्या दिवशी एक वाडगा आणि चिंचोके दिले: महाराज ‘विठ्ठल’ म्हणाले की एक चिंचोका वाडग्यात टाकायचा. दोन्ही दिवस मुलं बसली. थोरला तर पाऊण तास बसला. पण चित्र रंगवताना त्याचं लक्ष रंगात होतं आणि चिंचोके टाकताना आकड्यात. चौथ्या दिवशी झोपताना त्याला विचारलं, आज महाराजांनी काय सांगितलं? तो म्हणाला, “६४.” मला ते अपयश वाटलं. आईला वाटलं नाही. “नाम मोजतोय, ते काही वाया जात नाही,” असं तिचं म्हणणं. आमचा हा मतभेद आजही मिटलेला नाही. मुलाला जागेवर बसवून ठेवणारं साधन त्याला त्या प्रसंगापासून दूर नेत असेल, तर ते कार्टूनचंच सौम्य रूप आहे, असं मला वाटतं. तिच्या मते नामाचा संस्कार नकळत होतो. हा तिचा अनुभव आहे, तो खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

वहिनीने शेवटी पेढा देण्याचं कबूल करून पाहिलं. त्याचा परिणाम एका ओळीत सांगता येतो: धाकटीने दीड तासात ११ वेळा “संपलं?” विचारलं.

मंडपात काय असतं

पाचव्या दिवशी दुपारी आईचे पाय चेपत बसले होते. सहज विचारलं, “आई, आम्ही लहान होतो तेव्हा सप्ताहात कीर्तनाला न्यायचीस. आम्ही गप्प बसायचो का गं?”

ती हसली. “कुठलं! तू मंडपाच्या खांबाभोवती फिरत असायचीस. भाऊ तुझा माझ्या मांडीवर पडायचा, गजराला उठायचा, परत झोपायचा. एकदा तर मृदंगवाल्याच्या मागं जाऊन बसला होता, त्यांनी खडीसाखर दिली त्याला.”

“मग आता यांनी का गप्प बसायचं?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “टीव्ही आहे ना. मधे कोणी बोललं की तेवढं हुकतं.”

सगळी अडचण त्या वाक्यात होती. मंडपात पोर उठलं, फिरलं, आईच्या पदरात शिरलं, कोणाच्या तरी हातचा प्रसाद खाऊन परत आलं, तरी ते कीर्तनातच असतं. आवाज चहूकडून येतो, टाळाचा ठेका जमिनीतून अंगात शिरतो, मध्येच कोणी बुक्का लावतं, कोणी हार घालतं. महाराज स्वतःच एखाद्या पोराला जवळ बोलावून घेतात. घरी मात्र कीर्तन एका काचेत आलं आणि आम्ही सगळे प्रेक्षक झालो. मंडपात कधी लावला नाही तेवढा कडक नियम आम्ही घरात लावला होता.

साडेतीन वर्षांच्या मुलीची आणखी एक अडचण होती. पडद्यावरचा माणूस आपल्याला ऐकत नाही, हे तिला पटत नव्हतं. पहिल्या दिवशी ती पडद्यावर हात फिरवत होती तेव्हा महाराजांना काहीतरी सांगत होती. उत्तर आलं नाही म्हणून ती रुसली. या वयाची मुलं समोरच्या माणसाकडून जेवढं घेतात तेवढं पडद्यावरून घेत नाहीत, हे बालविकासात पुष्कळ अभ्यासातून दिसलेलं आहे. शेजारी बसलेलं माणूस बोलतं, दाखवतं, विचारतं, तेव्हाच पडद्यावरचं थोडंफार मुलाच्या पदरात पडतं. शिवाय २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एका तासापेक्षा जास्त वेळ बसून पडदा पाहू नये, कमी पाहिला तर आणखी चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं आहे. रोज दोन तासांचं कीर्तन ती मर्यादा एकटंच ओलांडत होतं. देवाधर्माचं आहे म्हणून डोळ्यांना आणि अंगाला वेगळा हिशेब लागत नाही.

भावाने सुचवलं की कीर्तन नंतर लावू, मुलं झोपल्यावर. त्याची ध्वनिचित्रफीत राहतेच. आईने ठाम नकार दिला. “सात वाजता आमची सगळी दिंडी ऐकत असते. साताऱ्याची मावशी, बारामतीचे अण्णा, सगळे. नंतर मी एकटी ऐकून काय करू?” मला ते पूर्ण पटलं. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र असणं हाच त्या कीर्तनाचा अर्धा अर्थ होता. म्हणून वेळ तीच ठेवायची आणि मुलांचा त्यातला वाटा वेगळा आखायचा, असं ठरलं.

काय बदललं

आधी सोफा भिंतीला सरकवला आणि खाली सतरंजी अंथरली. टीव्हीकडे तोंड करून ओळीने बसायचं सोडलं. टाळकरी जसे समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात तसे आम्ही दोन बाजूंना बसलो आणि टीव्ही एका टोकाला, महाराजांच्या जागी. एवढ्याने मुलांना पडद्याआधी आमचे चेहरे दिसायला लागले. आई गाते, वहिनी टाळ वाजवते, आत्या डोलते, हे त्यांच्यासाठी टीव्हीपेक्षा मोठं होतं.

दुसरा बदल सात वाजायच्या आधीचा. सप्ताहात संध्याकाळी हरिपाठ होतो आणि रात्री कीर्तन. आई रोज तिन्हीसांजेला हरिपाठ म्हणायचीच, पण देवघरासमोर बसून, एकटी. आता सहा वाजता तो सगळ्यांनी उभं राहून, पावली टाकत म्हणायचा. त्याला पडदा लागत नव्हता. हरिपाठाचे २७ अभंग आणि प्रत्येकानंतर तेच ध्रुवपद. मुलांना अभंग येत नव्हते, पण ‘हरि मुखें म्हणा’ तिसऱ्या दिवशी धाकटीही ओरडून म्हणायला लागली. मोठ्यांनी अभंग म्हणायचा आणि मुलांनी ध्रुवपद उचलायचं. त्यांची पाळी दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला यायची, त्यामुळे वाट पाहणं त्यांच्या आवाक्यातलं होतं. पुढे दोन पावलं, मागे एक, हातात पितळी टाळ. माझ्या मते सगळ्या १८ दिवसांत मुलांच्या हाती सर्वांत जास्त लागलं ते या अर्ध्या तासात, आणि ते थेट प्रक्षेपणात नव्हतंच.

त्याच्याही आधी, पाच वाजता, गच्चीवर रिंगण. आई खडूने वाट काढायची: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. आज माऊली कुठे असत्या ते गोल करून दाखवायची. सासवडचा मुक्काम दोन दिवसांचा, म्हणून खूण तिथंच राहिली तर थोरला विचारायचा, “आजी, पुढे का नाही गेली?” मग दिवेघाट चढून आलेल्या माणसांचे पाय कसे सुजतात, सोपानकाकांचं गाव ते कसं, हे सगळं निघायचं. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. त्या ‘दिवशी’पासून थोरला माऊलींचा अश्व झाला. रिंगणात दोन अश्व धावतात, एकावर स्वार असतो आणि दुसरा मोकळा, त्याच्यावर माऊली असतात अशी श्रद्धा. धाकटी हातात झेंडा घेऊन स्वार झाली आणि थोरला मोकळा धावला. धावून झालं की आई खाली वाकून गच्चीवरची धूळ कपाळाला लावायची, टापांखालची माती म्हणून. ती खरोखर लावत होती, मुलांचं मन राखायला नाही. मुलांना ते कळत होतं. खेळ म्हणून सुरू झालेलं धावणं त्या एका हालचालीने गंभीर व्हायचं.

आणि रिंगणाला दुसरं साधं कारणही होतं. तीन महिने घरात कोंडलेल्या पोरांचे पाय मोकळे झाले की मग ती बसत. हे गणित कोणत्याही बालवाडीत चालतं.

चोपदार

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. ती मला सुचलेली नाही, वारीतच आहे.

पालखी मुक्कामी पोचली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंचावतात आणि हजारो माणसं क्षणात शांत होतात. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. हरवलेलं-सापडलेलं सांगितलं जातं, दुसऱ्या दिवशी कधी निघायचं ते सांगितलं जातं आणि आरती होते. आईने हे मुलांना सांगितलं तेव्हा थोरल्याचे डोळे असे झाले की मी त्याच दिवशी लाटण्याला चंदेरी कागद गुंडाळून दिला.

तो चोपदार झाला. गजर संपून निरूपण सुरू होताना त्याने दंड उंच धरायचा. सगळ्यांनी टाळ थांबवायचे, मोठ्यांनीसुद्धा. ज्याची तक्रार असेल त्याने मात्र टाळ वाजवत राहायचं. चोपदाराने जाऊन विचारायचं, “काय तक्रार आहे?”

पहिल्या दिवशी धाकटी टाळ वाजवत राहिली. तो गेला, विचारलं. ती म्हणाली, “शू आली.” वहिनी तिला घेऊन गेली, परत आणलं. दुसऱ्या दिवशी तक्रार होती, “आजीच्या मांडीवर बसायचंय.” तिसऱ्या दिवशी, “मला नाही ऐकायचं.” त्यावर थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “बरोबर आहे तिचं. जा बाळा, आत खेळ. गोष्ट आली की बोलावते.”

हा निवाडा मोलाचा ठरला. तोवर तिची प्रत्येक गरज रडून, ओढून, पडद्यासमोर उभं राहून बाहेर पडत होती. आता तिला सांगायला एक जागा मिळाली, आणि सांगितलं की कोणीतरी उठून तिच्यापर्यंत येतं हेही दिसलं. शांत राहण्याचा हुकूम मोठ्यांकडून खाली येत नव्हता, एक सहा वर्षांचा मुलगा दंड उचलत होता आणि आजीसुद्धा त्याचं ऐकत होती. आठवडाभरात ‘गप्प बस’ माझ्या वहीतून जवळजवळ गेलं. दोन-तीन वेळा भावाच्या तोंडून आलं, तेही फोन चालू असताना.

निरूपणाच्या वेळी मुलं मोकळी असायची. आतल्या खोलीत ठोकळे, बाहुल्या, मोबाइल नाही. वारकरी कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग अशी सरळ वाटणी नसते, गोष्टी मध्येमध्ये दृष्टांत म्हणून येतात. त्यामुळे गोष्ट कधी येईल ते सांगता येत नव्हतं. नारदीय कीर्तन असतं तर सोपं झालं असतं, कारण तिथे उत्तररंगात आख्यानच असतं आणि मुलांना तेव्हाच बोलावता येतं. इथे आईचे कान तयार होते. महाराजांचा आवाज बदलला की ती टाळ एकदा वाजवायची. थोरला धावत यायचा, धाकटी कधी यायची, कधी नाही. शेवटच्या गजराला दोघंही हजर. धाकटीचं काम तेव्हा बुक्का लावायचं. इवल्या बोटाने प्रत्येकाच्या कपाळाला काळा ठिपका. भावाच्या पूर्ण नाकाला लागला तरी तो पुसायचा नाही, असं ठरलेलं.

कीर्तन संपल्यावर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, लहानमोठं बघत नाहीत. आईने पहिल्यांदा वाकून धाकटीच्या पायाला हात लावला आणि “माऊली” म्हणाली, तेव्हा ती पोर अक्षरशः थिजली. आपल्या पायांकडे बघत राहिली. मग खाली बसून तिने आजीच्या पायांवर डोकं टेकलं आणि उठायलाच तयार होईना. त्या रात्री माझ्या वहीत मिनिटांचे आकडे नाहीत.

जिथे चुकलं

सगळं सुरळीत झालं असं वाटू नये. दंडावरून भांडणं झाली. धाकटीला चोपदार व्हायचं होतं. एक दिवसाआड पाळी लावली, तर तिने दंड उंचावला आणि खाली घेतलाच नाही. दोन मिनिटं सगळे शांत उभे, टीव्हीवर महाराज बोलताहेत. आई म्हणाली, “राहू दे, हात दुखला की घेईल.” घेतला.

मोठी चूक अकराव्या दिवशीची. महाराजांनी त्या दिवशी अंतकाळाचा अभंग घेतला होता. थोरला गोष्टीसाठी आला आणि बसून राहिला, म्हणून आम्ही मनातून खूष. रात्री दीड वाजता तो उठून आजीच्या अंथरुणात गेला आणि तिच्या नाकासमोर हात धरून श्वास चालतोय का बघत होता. दिवसभर बातम्यांत करोनाचे आकडे, आणि संध्याकाळी देह नाशिवंत असल्याचं निरूपण. त्याने दोन्ही जोडलं होतं. मूल ऐकतंय याचा आनंद होतो, पण ते काय ऐकतंय हे कोणी बघितलं होतं? मी बघायला हवं होतं, माझा तो व्यवसाय आहे.

दुसऱ्या दिवशी आईने त्याला मांडीवर घेऊन सांगितलं, “मी म्हातारी आहे, एक दिवस जाणार. पण आज नाही आणि उद्याही कुठे निघालेली नाही. उद्या आपल्याला पुढचा मुक्काम काढायचाय.” त्यानंतर आम्ही एक पद्धत लावली. महाराज दुपारी दिंडीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या दिवसाचा अभंग टाकायचे. आई तो वाचायची आणि मला सांगायची, “आज मुलं निरूपणाला नकोत,” किंवा “आज नामदेवाच्या नैवेद्याची गोष्ट नक्की येणार.” कीर्तन मोठ्यांसाठी असतं. त्यातलं मुलांना काय द्यायचं ते घरातल्या जाणत्या माणसाने आधी ठरवावं लागतं.

एका संध्याकाळी नेट गेलं. पडद्यावर महाराजांचा हात हवेत अडकला आणि मधोमध गोल फिरत राहिलं. भाऊ वायरी बघत होता. आईने वाट पाहिली आणि मग जिथे तुटलं होतं तिथून स्वतःच अभंग उचलला. आवाज कापरा, वरचा सूर लागत नव्हता. आतल्या खोलीतून दोघंही न बोलावता आली. धाकटी तिच्या गळ्याला हात लावून आवाज कुठून येतो ते बघत होती. दहा-बारा मिनिटांनी महाराज परत आले. थोरला म्हणाला, “आजी, तूच म्हण ना.” आईने त्या दिवशी टीव्हीचा आवाज बारीक केला, बंद केला नाही.

एकादशीची रात्र

१ जुलै २०२०, आषाढी एकादशी. शासकीय महापूजा रात्री दोन-अडीचच्या सुमारास सुरू होते आणि दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर थेट दिसते. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः गाडी चालवत मुंबईहून पंढरपूरला गेल्याचं थोरल्याने ऐकलं होतं आणि त्याला महापूजा बघायचीच होती. वहिनीला मुलांची झोप मोडायची नव्हती. तिचं म्हणणं रास्त होतं, आणि तेव्हा घरात कोणाचं म्हणणं ऐकायचं याची रीतही बसलेली होती. तोडगा निघाला तो तिचाच: धाकटीला उठवायचं नाही. थोरला आठला झोपेल, आजी त्याला एकदाच हाक मारेल. उठला तर उठला.

तो उठला. गोधडी गुंडाळून आजीला टेकून बसला. इथे मला एक फरक नीट दिसला. कीर्तन ऐकावं लागतं, पूजा मात्र दिसते. दूध, दही, मध, पाणी. देवाच्या अंगावरून ओघळणारी प्रत्येक गोष्ट त्याला समजत होती, कोणी सांगायची गरज नव्हती. “आजी, विठोबाला थंडी वाजत असेल.” “वाजते ना. म्हणून तर आता पुसून कपडे घालतील बघ.” कपडे घालेपर्यंत तो झोपला होता. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं जागा राहिला असेल. सकाळी पुन्हा दाखवलं तेव्हा साबुदाण्याची खिचडी खाता खाता दोघांनी बघितलं आणि थोरल्याने बहिणीला सगळं समजावलं, “आता बघ, आता पुसतील.”

पुढची दोन वर्षं

२०२१मध्येही पादुका बसनेच गेल्या. आषाढी २० जुलैला होती. महाराजांची कीर्तनं पुन्हा थेट झाली आणि आम्ही हीच पद्धत ठेवली. थोरला सात वर्षांचा, निरूपणात अर्धा तास सहज बसायचा आणि मध्येच विचारायचा. धाकटी साडेचार वर्षांची झाली तरी गोष्टीपुरतीच यायची. तिला आम्ही ओढलं नाही.

ही पद्धत सगळ्या घरांना चालेल असं नाही. आमच्याकडे हाताला चार मोठी माणसं होती आणि हरिपाठ पाठ असलेली आजी होती. एकटी आई, दोन मुलं आणि एकच मोबाइल असेल तर मी एवढंच सुचवेन की सुरुवातीचा गजर आणि शेवटची आरती मुलांबरोबर उभं राहून करावी, मधलं मुलांवर सोडावं. दोन वर्षांखालच्या बाळाला पडद्यासमोर आणूच नये. त्याला कडेवर घेऊन स्वतः गुणगुणलं तरी पुष्कळ. टाळ नसतील तर वाट्या चालतात. माझ्या बालवाडीतल्या एका आजीने नातवासाठी डब्याची दोन झाकणं दोऱ्याने बांधून दिली होती.

२०२२ला वारी पुन्हा पायी निघाली. आई चालू शकत नव्हती, म्हणून आम्ही सगळे हडपसरच्या रस्त्यावर पहाटेपासून उभे होतो. धाकटी भावाच्या खांद्यावर होती. एक दिंडी विसाव्याला थांबली आणि त्यातल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याला आईने वाकून नमस्कार केला. त्यांनी आईला केला, मग वहिनीला. धाकटीने भावाच्या खांद्यावरून ओरडून सांगितलं, “बाबा, मला खाली ठेवा, माझे राहिले.” तिला खाली ठेवलं. ते म्हातारे वारकरी गुडघ्यावर बसले, तिच्या पावलांना हात लावून म्हणाले, “माऊली.” तिने त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि मग खिशातून बुक्क्याची पुडी काढली.